फासा हातातून सुटण्याआधी: गेम मास्टरचा अधिकार आणि खेळाडूंचं यश

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एका कॅरेक्टरची, म्हणजे पात्राची, भूमिका घेऊन मिळून रचलेली गोष्ट. ती चालवणाऱ्या गेम मास्टरला, म्हणजे जीएमला, काहीही करता येतं. आकाशातून ड्रॅगन उतरवता येतो, उघडं दार बंद करता येतं, मेलेला खलनायक पुढच्या रविवारी जिवंत करता येतो. खेळाडूच्या हातात मात्र एकच कॅरेक्टर असतं. वाटणी इतकी विषम असताना खेळाडूला मिळालेलं यश खरं केव्हा मानायचं? ‘जीएमच्या मनात होतं म्हणून जिंकलो’ असं एकदा वाटायला लागलं की जिंकण्यातली गंमत संपते, आणि ती परत आणणं फार अवघड जातं.

याचं माझं उत्तर असं आहे: जीएमने आपला अधिकार फासा पडण्याआधी पुरेपूर वापरावा आणि फासा पडल्यावर तो बाजूला ठेवावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच सूत्रावर उभ्या आहेत. उदाहरणं मुख्यतः ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या, म्हणजे डी अँड डीच्या, पाचव्या आवृत्तीतली घेतली आहेत. तिचे पायाभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात, त्यामुळे पुस्तकं विकत न घेताही हे सगळं करून पाहता येईल.

हा अधिकार आला कुठून

१८२४ साली रायस्विट्झ नावाच्या प्रशियन लष्करी अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ मांडला. त्यात दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच असे. खेळाडू त्याच्याकडे हुकूम द्यायचे, तो फासे आणि कोष्टकं पाहून निकाल सांगायचा, आणि शत्रूचं जे सैन्य दिसणं शक्य नाही ते लपवून ठेवायचा. कोष्टकांच्या भाराने खेळ रेंगाळू लागला, तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या जर्मन सेनाधिकाऱ्याने कोष्टकं बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवायची पद्धत पुढे आणली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा डी अँड डी १९७४ मध्ये आला, तेव्हा त्याच्या मूळ पुस्तिकांतही जीएमला रेफरीच, म्हणजे पंचच, म्हटलेलं होतं.

फरक एवढाच की प्रशियन पंचाला दोन्ही बाजू सारख्या होत्या. आपल्या टेबलावर पंचही जीएम, शत्रूही जीएम आणि मैदान आखणाराही जीएम. सगळी अडचण या तिहेरी भूमिकेतून येते.

पायरी १: पहिल्या सेशनआधी कोणाचं काय ते बोलून घ्या

सेशन म्हणजे खेळाची एक बैठक; पहिल्या बैठकीआधीच्या या बोलण्यालाच सेशन झिरो म्हणतात. कॅरेक्टर बनवण्यात ती संध्याकाळ घालवू नका. ते घरूनही होतं. त्याऐवजी हे प्रश्न मांडा. कॅरेक्टर मरू शकतं का? जीएम आपल्यापुढच्या आडोशाच्या पडद्यामागे रोल करणार, म्हणजे फासा टाकणार, की उघड्यावर? नियमावरून मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? खेळाडूंची कॅरेक्टर्स एकमेकांवर उलटू शकतात का? उत्तरं काहीही असोत, सगळ्यांना ती सारखी माहीत हवीत.

कोणते विषय टेबलावर अजिबात नकोत आणि कोणते फक्त आडून सूचित करावेत, हेही ठरवा. एक्स-कार्डची पद्धत सोपी आहे: फुली मारलेलं एक कार्ड मधे ठेवायचं, कोणालाही एखादा प्रसंग नकोसा झाला की त्याने त्यावर बोट ठेवायचं, आणि कारण न विचारता तो प्रसंग गाळून पुढे जायचं. इथे जीएमचा अधिकार चालत नाही, चालू नये.

आपल्याकडच्या गटांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. जीएम हा बऱ्याचदा गटातला वयाने मोठा असतो किंवा ज्याच्या घरी खेळ जमतो तो असतो. अशा दादाला किंवा ताईला तोंडावर ‘हे पटलं नाही’ म्हणणं लहानांना जड जातं. ते मान डोलावतात आणि पुढे कधीतरी यायचे बंद होतात. म्हणून जीएमनेच आधी सांगावं, ‘माझा निर्णय चुकतोय असं वाटलं तर लगेच थांबवा.’ आणि पहिल्यांदा कोणी खरंच थांबवलं की त्याचं म्हणणं शांतपणे ऐकावं. तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे गट त्या क्षणी ठरवतो.

पायरी २: रोलच्या आधी हेतू विचारा

डी अँड डीत वीस बाजूंचा फासा टाकून त्यात कॅरेक्टरच्या कौशल्याचा बोनस मिळवायचा, आणि बेरीज जीएमने ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की काम जमलं; याला चेक म्हणतात. खेळाडू म्हणतो, ‘मी स्टेल्थ रोल करतो,’ म्हणजे लपतछपत जाण्याचा चेक, आणि फासा सोडतो. १७ पडतात. आता या १७ चा अर्थ काय, हे जीएम एकटाच ठरवणार. खेळाडूला वाटतं तो खिडकीपाशी पोचला. जीएमच्या डोक्यात तो अजून भिंतीच्या आडच आहे. पुढची सगळी कुरबूर इथून सुरू होते. त्याऐवजी संवाद असा व्हावा:

‘थांब, फासा उचलू नकोस. नेमकं काय करतोस?’

‘गोदामाच्या छतावरून जातो.’

‘कशासाठी?’

‘गस्तवाल्याला न दिसता मागच्या खिडकीशी पोचायचंय.’

‘पावसाने कौलं ओली आहेत. पंधरा लागतील. हुकलं तर तू पडणार नाहीस, पण एक कौल निसटून खाली फुटेल आणि गस्तवाला शिडी आणायला धावेल. जायचं?’

‘जोडे काढून अनवाणी गेलो तर?’

‘मग बारा पुरतील. पण जोडे खालीच राहतील, कोणाला तरी सापडतील.’

‘चालेल. राहू देत.’

या बोलण्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही. जीएमने यात एकही अधिकार सोडलेला नाही: कौलं ओली आहेत हे त्याने ठरवलं, आकडा त्याने ठरवला, परिणाम त्याने ठरवला. पण खेळाडूला डोकं चालवायला जागा मिळाली आणि त्याने ती वापरली. बोनस +५ धरला तर १५ चं लक्ष्य गाठण्याची शक्यता ५५ टक्के होती. जोड्यांच्या कल्पनेने ती ७० टक्के झाली. हे वरचे १५ टक्के त्याने स्वतः कमावले आहेत आणि ते त्यालाही ठाऊक आहे.

पायरी ३: रोल हवाच का, ते ठरवा

स्वतःला दोन गोष्टी विचारा. हे जमण्याची आणि फसण्याची, दोन्ही शक्यता खऱ्या आहेत का? आणि फसलं तर काही घडेल का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर फासा नको; सरळ सांगून टाका.

अशक्य गोष्टीला गमतीखातर रोल करू देणं ही वाईट सवय आहे. राजाला गादी सोडायला सांगून खेळाडूने फासा टाकला आणि २० पडले, की जीएमची पंचाईत होते. पाचव्या आवृत्तीत २० पडल्यावर हमखास यश मिळतं ते फक्त हल्ल्याच्या रोलला. एरवीच्या चेकला असा नियम नाही. पण टेबलावरच्या जल्लोषात हे कोण ऐकणार? ‘राजा गादी सोडणार नाही, पण तो हसण्यावारी नेईल की अंधारकोठडीत टाकेल, हे फासा ठरवेल’ असं आधी सांगितलं तर २० ला खरी किंमत येते.

उलट बाजूने, ज्या माहितीवाचून गोष्ट पुढेच जात नाही ती फाशाच्या हवाली करू नका. रॉबिन डी. लॉज यांच्या ‘गमशू’ या तपासकथांसाठीच्या नियमपद्धतीचा पायाच हा आहे: योग्य कौशल्याचं कॅरेक्टर योग्य जागी शोध घेत असेल तर मुख्य धागा त्याला रोलशिवाय मिळतो. खेळाडूंचं यश धागा सापडण्यात कमी आणि त्याचं काय करायचं यात जास्त असतं. डी अँड डी खेळतानाही हे जसंच्या तसं वापरा.

पायरी ४: आकडा आणि धोका उघड सांगा

पाचव्या आवृत्तीची शिडी सरळ आहे: अगदी सोपं ५, सोपं १०, मध्यम १५, अवघड २०, फार अवघड २५, जवळजवळ अशक्य ३०. नवे जीएम ‘मध्यम’ हा शब्द वाचून सगळीकडे १५ लावतात. पहिल्या पातळीच्या, म्हणजे अगदी नव्या, कॅरेक्टरचा आपल्या हातखंडा कामातला बोनस साधारण +५ असतो. म्हणजे ज्यात तो पटाईत आहे तिथेही १५ पुढे तो १०० पैकी ४५ वेळा तोंडावर आपटतो. रोजचं काम असेल तर १० किंवा १२ पुरे.

आकडा लपवण्याचं कारण क्वचितच असतं. कॅरेक्टरला भिंत दिसते आहे, ती किती चढण्याजोगी आहे याचा अंदाज त्याला येणारच. तो अंदाज म्हणजे हा आकडा. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या दुसऱ्या रोलप्लेइंग गेममध्ये हेच नियमात बांधलं आहे: कोणतं कौशल्य वापरायचं ते खेळाडू ठरवतो, जीएम मात्र धोका किती आणि यश मिळालं तर परिणाम किती, हे रोलच्या आधी बोलून दाखवतो, आणि ऐकून खेळाडूला बेत बदलता येतो. जीएमचा अधिकार आणि खेळाडूचा अधिकार यांची इतकी स्वच्छ वाटणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पायरी ५: रोल किती वेळा, याचा हिशोब करा

जीएमचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी दिसणारा अधिकार इथे आहे. आकडा कोणीतरी विचारतो, त्यावर वाद घालतो. रोल किती वेळा करायला लावले, हे कोणी मोजत नाही.

छतावरून जाणारा तोच चोर घ्या: बोनस +५, लक्ष्य १५, शक्यता ५५ टक्के. जीएम म्हणतो, ‘अंगण ओलांडायला एक रोल कर. आता जिन्यावर एक. आता दारापाशी एक.’ तिन्ही जमायला हवेत, म्हणजे यशाची शक्यता ५५ वरून १७ टक्क्यांच्या आत आली. जीएमने एकही आकडा वाढवला नाही, मनात काही वाईटही नव्हतं, तरी चोरी जवळजवळ अशक्य करून ठेवली. पुष्कळ टेबलांवर ‘स्टेल्थ कधी चालतच नाही’ अशी तक्रार असते, तिचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

आता चौघांची टोळी घ्या. हिशोबासाठी चौघांचाही बोनस +५ धरू. ‘सगळे रोल करा, एक जरी हुकला तरी पहारेकरी जागा होतो’ असं म्हटलं तर सगळे निसटण्याची शक्यता ९ टक्के. पाचव्या आवृत्तीत यावर गटाच्या चेकचा नियम आहे: निम्म्या किंवा जास्त जणांना जमलं तर अख्ख्या गटाला जमलं. हा नियम लावला की तीच शक्यता ७६ टक्के होते. तीच माणसं, तेच गोदाम, तेच फासे. फक्त जीएमने कोणता नियम उचलला यावर ९ की ७६ ते ठरलं. जड चिलखतातला योद्धा टोळीत असेल तर हा फरक आणखी वाढतो, आणि त्या बिचाऱ्याला दर वेळी गाडीपाशी राखणीला बसवलं जातं.

म्हणून नियम असा ठेवा: एका हेतूला एक रोल. ‘खिडकीशी पोचायचंय’ हा हेतू असेल तर एक रोल खिडकीपर्यंत नेतो, आणि परिस्थिती खरोखर बदलल्याशिवाय दुसरा मागायचा नाही. लांबलचक मोहीम असेल तर ‘ब्लेड्स’मधली घड्याळाची युक्ती वापरा. कागदावर वर्तुळ काढा, त्याचे ४, ६ किंवा ८ भाग करा, आणि प्रत्येक चुकीला पहारेकऱ्यांच्या संशयाचा एकेक भाग रंगवत जा. एका चुकीने सगळं कोसळत नाही, आणि वर्तुळ टेबलावर सगळ्यांसमोर असल्यामुळे ‘आता मागे फिरू या का?’ हा विचार खेळाडू स्वतः करतात.

मदतीचंही तसंच. सोबत्याच्या मदतीने ॲडव्हांटेज मिळालं, म्हणजे दोन फासे टाकून वरचा घेतला, की ५५ चे जवळपास ८० टक्के होतात. कोणी पटण्याजोगी मदत सुचवली तर ती नाकारण्याआधी हा फरक आठवा.

पायरी ६: हुकल्यावर काय, ते आधीच ठरवा

‘काही झालं नाही’ हा सगळ्यात निकामी निकाल. कुलूप उघडलं नाही. मग दुसरा प्रयत्न करतो, मग तिसरा करतो, आणि वीस मिनिटं तिथेच जातात.

व्हिन्सेंट आणि मेग्वी बेकर यांच्या २०१० सालच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या गेमने याला चांगलं वळण दिलं. दोन साधे, सहा बाजूंचे फासे टाकून बोनससकट बेरीज करायची: १० किंवा जास्त म्हणजे पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे यश मिळतं पण किंमत मोजावी लागते, ६ किंवा कमी म्हणजे जीएम पुढची चाल करतो. बोनस +१ असेल तर पूर्ण यश सुमारे २८ टक्के आणि किंमत मोजून मिळालेलं यश ४४ टक्के वेळा येतं. डी अँड डीच्या जीएमसाठीच्या २०१४ सालच्या पुस्तकातही, चेक १ किंवा २ ने हुकला तर किंमत घेऊन यश द्यावं, असा पर्यायी नियम आहे. तो वापरताना किंमत स्वतः लादण्यापेक्षा दोन पर्याय द्या: ‘कुलूप उघडेल, पण हत्यार आतच मोडेल किंवा आवाज होईल. कोणतं?’ अपयशातही खेळाडू काहीतरी निवडतो, आणि जे स्वतः निवडलं त्यावर चिडचिड होत नाही.

पायरी ७: पडलेला फासा पाळा

पडद्यामागे आकडा बदलणं, ज्याला फजिंग म्हणतात, त्याचं समर्थन नेहमी दयेच्या नावाखाली होतं. पहिल्या पातळीचा, ८ हिटपॉइंटचा (म्हणजे इतकं नुकसान झालं की कोसळणारा) जादूगार. समोर ओग्र, म्हणजे धिप्पाड राक्षस. ओग्रच्या सोट्याचा फटका सरासरी १३ चा. हल्ल्याच्या रोलला २० पडून क्रिटिकल लागला तर सरासरी २२ चा. हिटपॉइंट शून्यावर आल्यानंतर उरलेलं नुकसान कमाल हिटपॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर कॅरेक्टर जागीच मरतं. पडद्यामागे २० पडले. आता?

मी म्हणेन, तो आकडा वाचून दाखवा. कारण खरा निर्णय तुम्ही तेव्हाच घेतला होता जेव्हा पहिल्या पातळीच्या गटासमोर ओग्र उभा केला. दया दाखवायची जागा ती होती. वाटेत उखडलेली झाडं आणि अर्धं खाल्लेलं खेचर दाखवता आलं असतं. ओग्रला काय हवं आहे हे आधी ठरवता आलं असतं: त्याला खायला हवंय, माणसं मारण्यात रस नाही, पुढ्यात खेचर टाकलं तर तो वळेल. पळवाट ठेवता आली असती. हे सगळं जीएमच्या पूर्ण अधिकारातलं आहे आणि यातलं काहीच खोटं नाही.

फजिंगचा खरा तोटा मरणाच्या प्रसंगात दिसतच नाही, तो विजयाच्या प्रसंगात दिसतो. एकदा खेळाडूंच्या लक्षात आलं की जीएम आकडे फिरवतो, की पुढचा प्रत्येक थरारक विजयही संशयास्पद होतो. शेवटच्या हिटपॉइंटवर ड्रॅगन पाडला, तो खरंच पडला की जीएमला उशीर झाला होता म्हणून पाडला?

नियम लिहिणाऱ्यांनाही ही ओढ ठाऊक आहे. पाचव्या आवृत्तीतल्या प्रौढ ड्रॅगनला लेजंडरी रेझिस्टन्स दिलेला आहे: दिवसातून ३ वेळा मंत्रासारख्या संकटातून वाचण्यासाठीचा, म्हणजे बचावाचा, हुकलेला रोल तो जमला असं ठरवू शकतो. जीएमला वाटतं तेच, मोठा खलनायक एका मंत्राने पडू नये. पण इथे ते मोजलेलं आहे, उघड आहे, आणि खेळाडूंना ते तीन खर्च करायला लावण्याची चाल खेळता येते. ‘हा पहिला गेला’ असं मोठ्याने सांगा. टेबल सावरून बसतं.

रोल उघड्यावर करा. पडदा नोंदी आणि नकाशे लपवायला असू द्या.

पायरी ८: नियमांचे वाद दोन मिनिटांत मिटवा

वाद सुरू झाला की दोन्ही बाजू एकदा ऐका, तात्पुरता निर्णय द्या, वहीत टिपा आणि पुढे चला. शंका समसमान असेल तर खेळाडूच्या बाजूने द्या. सेशननंतर पुस्तक पाहा आणि पुढच्या वेळी सुरुवातीलाच खरा नियम सांगा. कॅरेक्टरचं मरण त्यावर अवलंबून असेल तेवढ्यापुरतं मात्र पुस्तक तिथल्या तिथे उघडा, कितीही वेळ लागला तरी.

पायरी ९: बेत उधळला तर उधळू द्या

तुम्ही दोन रात्री जागून किल्ल्याचा नकाशा काढला आणि खेळाडूंनी स्वयंपाक्याला फितवून सरदाराला गुंगीचं औषध दिलं. पाच मिनिटांत मोहीम फत्ते. हात शिवशिवतात: सरदाराने आज जेवायचं टाळलं असं म्हणावं का?

तसं म्हणू नका. कसोटी सोपी आहे: हा अडथळा बेत ऐकण्याआधी तुमच्या वहीत होता का? सरदाराचं अन्न आधी कोणी चाखून पाहतो असं लिहिलेलं असेल तर तो माणूस जरूर आहे, आणि चौकशी केली तर तो खेळाडूंना कळायलाही हवा. बेत ऐकल्यावर सुचलेला असेल तर तो गिळा. किल्ल्याचा नकाशा वाया जात नाही. नाव बदलून पुढे कुठेही लागतो.

जिंकल्याचा परिणाम जगात दिसू द्या. सरदार गेला तर करवसुली थांबली, शेजारचा सरदार हालचाल करू लागला, स्वयंपाक्याची बायको खेळाडूंकडे आसरा मागायला आली. या जागांवर खेळाडूंनाही लिहू द्या: ‘गावात ही बातमी कशी पोचली? तू सांग.’ जगाची किल्ली थोडा वेळ दुसऱ्याकडे दिल्याने जीएमचं काही जात नाही.

पायरी १०: सेशननंतर विचारा

‘मजा आली का?’ विचारू नका; सगळे हो म्हणतात. नेमकं विचारा: ‘आज कुठला निकाल आधीच ठरलेला वाटला?’ ‘कुठे काही सुचलं होतं पण मी ऐकणार नाही असं वाटून बोलला नाहीत?’ समोरासमोर उत्तरं येत नसतील तर चिठ्ठ्या घ्या किंवा रात्री एकेकट्याला मेसेज करा. आलेली उत्तरं पुढच्या सेशनच्या तयारीच्या पानावर सगळ्यात वर लिहा, आणि खेळाडू बसले की पहिल्यांदा त्यातलं काय बदलणार आहात ते सांगा.